तिऱ्हाइताच्या हाती किल्ली

मैत्रिणींनो, तुमच्या घराच्या किल्ल्या किती आणि त्या कुणाकुणाकडे आहेत, असं कुणी विचारलं तर तुम्ही क्षणात सांगाल. एक आपल्या पर्समध्ये, एक ह्यांच्याकडे, एक समोरच्या काकूंकडे अडीअडचणीला ठेवलेली. धुणंभांडी करणाऱ्या मावशींकडे एक होती, त्यांनी काम सोडलं तेव्हा ती आठवणीनं परत घेतली. हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का असतो, त्यासाठी वही लागत नाही.

आता दुसरा प्रश्न. तुमच्या जीमेलच्या, फेसबुकच्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत? ‘छे, पासवर्ड तर मी कुण्णाला दिलेला नाही,’ असंच बहुतेकजणी म्हणतील. खरंही असेल ते. पण हल्ली पासवर्ड न सांगताही किल्ली देता येते, आणि आपण ती देतोही. एखादं नवीन ॲप घेताना ‘गूगलने साइन इन करा’ असं येतं, आपण बोट लावतो, ‘अलाऊ’ म्हणतो आणि पुढे जातो. तेवढ्यात एका तिऱ्हाइताला आपल्या खात्यात यायची परवानगी मिळालेली असते. इंग्रजीत याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. आपला साधा मराठी शब्द आहे तिऱ्हाईत. एक आपण, दुसरं गूगल आणि तिसरा हा!

घरापुरतं असेल तर एकवेळ चालून जाईल. पण आता आपले बचत गट, भजनी मंडळं, महिला मंडळं, घरगुती उद्योग सगळेच मोबाइलवर आले आहेत. तिथे या किल्ल्यांचा प्रश्न एकटीचा राहत नाही. म्हणून आज त्याबद्दलच बोलू या.

हे झालं की ते कर

हल्ली ‘ऑटोमेशन’ हा शब्द फार ऐकू येतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दूध उतू जायला लागलं की गॅस बारीक करायचा, कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद करायचा, असं आपण दिवसभर करतोच. ‘हे झालं की ते कर’ एवढाच त्याचा अर्थ. तेच काम दोन-तीन ॲप्समध्ये करून देणारी साधनं आता मिळतात. अमेरिकेत २०११ मध्ये सुरू झालेलं झॅपिअर त्यातलं नावाजलेलं. मेक नावाचं दुसरं आहे, ते मूळचं प्रागचं. त्याचं आधीचं नाव इंटिग्रोमॅट, २०२२ मध्ये ते मेक झालं. मायक्रोसॉफ्टचं पॉवर ऑटोमेट आहे आणि आपल्या चेन्नईच्या झोहो कंपनीचं झोहो फ्लो आहे. एकाचं तर नावच आहे ‘इफ धिस देन दॅट’, म्हणजे हे झालं तर ते!

काम कसं चालतं बघा. गिऱ्हाइकानं मोबाइलवर ऑर्डरचा फॉर्म भरला. ती नोंद आपोआप तक्त्यात, म्हणजे गूगल शीटमध्ये पडली. तशी ती पडली, की हे साधन जागं होतं आणि गिऱ्हाइकाला ‘तुमची ऑर्डर मिळाली’ असा मेल पाठवतं. दुसरा मेल आपल्याला, की अमक्या ताईंना दोन किलो भाजणी हवी आहे. रात्री दोन वाजता ऑर्डर आली तरी हे होतं, कारण त्याला झोप नाही.

पण ते तक्त्यात डोकावणार कसं आणि मेल पाठवणार कसं? त्यासाठी तक्त्याच्या खात्याची एक किल्ली आणि मेलच्या खात्याची एक किल्ली त्याच्याकडे लागते. ह्यालाच त्या साधनांमध्ये ‘कनेक्शन’ म्हणतात. कनेक्शन हा शब्द आपल्याला काही नवीन नाही. गॅसचं कनेक्शन, लाइटचं कनेक्शन, नळाचं कनेक्शन! आणि कनेक्शन म्हटलं की पहिला प्रश्न काय असतो? ते कुणाच्या नावावर आहे? सासऱ्यांच्या नावावरचा मीटर त्यांच्या पश्चात आपल्या नावावर करून घेताना किती खेटे घालावे लागतात, हे ज्यांनी घातले त्यांनाच ठाऊक.

दिवाळीच्या तोंडावर

मी ज्या गटांबरोबर काम करते त्यातला एक गट दिवाळीचा फराळ आणि वर्षभर मसाले, भाजणी करतो. गटातल्या एका काकूंच्या भाच्यानं त्यांना वर सांगितली तशी सगळी सोय एका दुपारी करून दिली होती. पोरगा हुशार आणि गुणी. एक पैसा घेतला नाही. दोन दिवाळ्या सगळं सुरळीत चाललं. सचिव ताईंच्या मोबाइलवर ऑर्डरीचा मेल आला की टुंग वाजायचं आणि कढया चढायच्या.

तिसऱ्या वर्षी, वसुबारस आठ दिवसांवर असताना, टुंग वाजायचं थांबलं. पहिल्या दिवशी वाटलं, ऑर्डरी नसतील. दुसऱ्या दिवशी वाटलं, महागाई आहे, लोक हात आखडता घेतायत. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांचेच फोन यायला लागले, ‘अहो, फॉर्म भरला, पण तुमचं उत्तरच नाही.’ तक्ता उघडून बघितला तर चाळीसेक ऑर्डरी तिथे गपचूप बसलेल्या!

मला बोलावणं आलं. मी काही कॉम्प्युटरवाली नाही, साधी बी.ए. झालेली बाई. पण कागदपत्रं वाचायची आणि चार ठिकाणी विचारायची सवय समाजकार्यानं लावली आहे. आम्ही भाच्याला फोन लावला. तो आता दुसऱ्या शहरात रात्रपाळीची नोकरी करतो. ‘काकू, मला वाटलं मेल जातायत!’ म्हणाला. मग हळूहळू उलगडा झाला. महिन्यापूर्वी त्यानं ते साधन दुरुस्त करताना गिऱ्हाइकांना मेल पाठवायचं काम स्वतःच्या जीमेलला जोडलं होतं. त्या आठवड्यात त्याचा मोबाइल हरवला, म्हणून त्यानं शहाण्यासारखा जीमेलचा पासवर्ड बदलला. आणि गूगलची पद्धत अशी, की पासवर्ड बदलला की मेलसाठी दिलेल्या तिऱ्हाइतांच्या परवानग्या रद्द होतात. हे आपल्या सुरक्षेसाठीच असतं. पण त्यामुळे गटाचे मेल बंद पडले. साधनानं ‘कनेक्शन तुटलं आहे’ अशा सूचना पाठवल्या होत्या, त्याही त्याच्याच मेलवर गेल्या. कारण साधनातलं खातंसुद्धा त्याच्याच नावावर होतं!

यात कुणाला बोल लावायचा? पोरानं चांगल्या मनानं केलं, पासवर्ड बदलला तेही योग्यच केलं. फक्त गटाचं कनेक्शन गटाच्या नावावर नव्हतं. सगळ्याजणींनी यादी वाटून घेतली आणि त्या संध्याकाळी चाळीस घरी फोन केले. ऑर्डरी हातच्या गेल्या नाहीत, पण दोन रात्री जागून चकल्या तळाव्या लागल्या.

पासवर्ड नव्हे, परवाना

पूर्वी एका ॲपला दुसऱ्या ॲपमध्ये जायचं असेल तर लोक सरळ आपला पासवर्डच द्यायचे. म्हणजे कुंडीला पाणी घालायला येणाऱ्या बाईला कपाटाच्या किल्लीसकट सगळा जुडगा देण्यासारखं झालं. ते बंद व्हावं म्हणून २००७ मध्ये ‘ओऑथ’ नावाची पद्धत निघाली, तिची दुसरी आवृत्ती २०१२ मध्ये आली. आज गूगल, फेसबुक, मायक्रोसॉफ्ट सगळीकडे तीच चालते. या पद्धतीत पासवर्ड तिऱ्हाइताला कळत नाही. आपण गूगलच्याच पानावर साइन इन करतो, आणि गूगल त्याला एक परवाना देतं. त्याला ‘टोकन’ म्हणतात. त्या परवान्यावर लिहिलेलं असतं, की ह्याला अमुक एवढंच करता येईल.

म्हणजे पद्धत चांगली आहे. पण परवान्यावर काय लिहिलंय ते वाचायचं काम आपलं. तो पडदा समोर येतो तेव्हा आपण घाईत असतो. आम्ही मात्र त्या दिवशी चष्मे लावून तो वाचला. ऑर्डरींच्या तक्त्यासाठी जी परवानगी दिली होती, तिचा मराठीत अर्थ असा होता: तुमच्या गूगल शीटमधले सगळे तक्ते बघणं, त्यात बदल करणं, नवीन बनवणं आणि ते काढून टाकणं. सगळे तक्ते. फक्त ऑर्डरींचा नव्हे!

आणि इथे माझ्या पोटात गोळा आला. कारण त्याच जीमेल खात्यात आणखी एक तक्ता होता. हा गट फराळाबरोबर एक छोटं सल्ला केंद्रही चालवतो. घरात मारहाण होणाऱ्या, टाकून दिलेल्या बायका तिथे येतात. त्यांची नोंद कुणी तरी सोयीसाठी त्याच खात्यात ठेवली होती. नाव, गाव, फोन नंबर. आणि शेवटचा रकाना, ‘फोन कधी करावा’. त्यात एकीपुढे लिहिलं होतं, ‘दुपारी २ ते ४, नवरा घरी नसताना’. दुसरीपुढे, ‘फोन करू नये, शाळेत निरोप द्यावा’.

काही झालं नव्हतं, हे आधी सांगते. कुणी तो तक्ता उघडल्याची काही खूण नव्हती. पण चकलीच्या ऑर्डरीसाठी दिलेल्या किल्लीनं हे कपाटही उघडत होतं, आणि ते साधन ज्याच्या नावावर त्याच्या मोबाइलमधून ते दिसू शकत होतं. तो मोबाइल महिन्यापूर्वी हरवला होता! ज्या बाईनं आपल्यावर विश्वास टाकून वेळ सांगितली, तिला आपण काय उत्तर देणार होतो?

मोठमोठे फसले

तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं? तर गेल्या काही वर्षांतल्या तीन गोष्टी सांगते.

मे २०१७ मध्ये जगभर अनेकांना ओळखीच्या माणसाकडून मेल आला, की तुमच्याबरोबर एक गूगल डॉक शेअर केलं आहे. बोट लावलं की खरंखुरं गूगलचं पान उघडायचं आणि ‘गूगल डॉक्स’ नावाचं ॲप मेल वाचायची, पाठवायची आणि संपर्कयादी बघायची परवानगी मागायचं. ते ॲप गूगलचं नव्हतंच, कुणी तरी तसं नाव देऊन बनवलेलं होतं. ‘अलाऊ’ म्हटलं की आपल्या यादीतल्या सगळ्यांना तोच मेल जायचा. गूगलनं तासाभरात ते बंद पाडलं. पण बघा, यात कुणाचाही पासवर्ड चोरीला गेला नव्हता. लोकांनी स्वतःच्या हातानं किल्ली दिली होती.

दुसरी फेसबुकची. स्वभाव ओळखण्याची प्रश्नावली असलेल्या एका ॲपमधून गोळा झालेली माहिती केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय सल्लागार कंपनीकडे गेली. २०१८ मध्ये ते उघडकीला आलं. फेसबुकनेच सांगितलं, की भारतात हे ॲप फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं, पण माहिती जाण्याची शक्यता होती सुमारे ५ लाख ६२ हजार लोकांची! कारण त्या काळी ॲपला आपल्याबरोबर आपल्या मित्रमैत्रिणींचीही माहिती मिळायची. ती सोय फेसबुकनं २०१५ मध्ये बंद केली. पण मुद्दा तोच राहतो. ‘हो’ म्हणणारी एक आणि भोगणाऱ्या अनेक.

तिसरी ऑगस्ट २०२५ मधली. ड्रिफ्ट नावाचं एक गप्पांचं साधन कंपन्या आपल्या वेबसाइटवर वापरायच्या आणि ते सेल्सफोर्स या ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेवेला जोडायच्या. चोरांनी ड्रिफ्टकडे असलेले हे परवानेच पळवले आणि शेकडो कंपन्यांच्या नोंदींमध्ये शिरले. त्यात क्लाउडफ्लेअर, पालो आल्टो नेटवर्क्स अशा सुरक्षेचाच धंदा करणाऱ्या कंपन्याही होत्या! शेवटी २० ऑगस्टला ड्रिफ्टचे सगळे परवाने एकदम रद्द करावे लागले. म्हणजे आपलं कुलूप मजबूत असून भागत नाही. ज्याच्याकडे किल्ली ठेवली त्याच्या घरी चोरी झाली तरी आपलं घर उघडं पडतं.

आम्ही काय काय केलं

रविवारी दुपारी भाच्याला व्हिडिओ कॉलवर घेतलं आणि सहाजणी वही-पेन घेऊन बसलो. तुमच्याही उपयोगाला येईल म्हणून क्रमानं सांगते.

पहिलं म्हणजे सल्ला केंद्राचा तक्ता त्या खात्यातून हलवला. त्यासाठी वेगळं जीमेल खातं काढलं, त्याला कुठलंच साधन जोडायचं नाही असा नियम केला. जुन्या खात्यातला तक्ता काढला, कचराकुंडी म्हणजे ‘बिन’सुद्धा रिकामी केली. नवीन तक्ता जुन्या खात्याबरोबर शेअर करायचा नाही, हेही ठरवलं. नाही तर किल्ली पुन्हा लागू पडायची.

मग साधनातलं ‘कनेक्शन्स’चं पान उघडलं. जवळजवळ सगळ्या साधनांत असं पान असतं. तिथे पाच कनेक्शन्स निघाली! दोन वापरात, तीन नुसती चाचणीसाठी जोडून विसरलेली. नावं काय, तर ‘गूगल शीट्स’, ‘गूगल शीट्स २’. ह्यातून कुणाला काय कळणार? डब्यांवर चिठ्ठ्या लावतो तशी आम्ही प्रत्येकाला नावं दिली, ‘गटाचं जीमेल – फराळ ऑर्डर’ अशी. कुठलं कनेक्शन कुठल्या कामात वापरलंय तेही तिथे बघता येतं. जे कशातच नव्हतं ते काढलं.

मेलचं काम गटाच्या जीमेलला जोडलं. इथे एक बारकावा आहे. तेच खातं असेल आणि कनेक्शन नुसतं तुटलं असेल, तर त्याच्यापुढचं ‘रीकनेक्ट’ दाबायचं, मग त्याच्यावर चालणारी सगळी कामं पुन्हा सुरू होतात. पण खातंच बदलायचं असेल तर नवीन कनेक्शन करून ते प्रत्येक कामात जाऊन निवडावं लागतं. आणि जोडताना मोबाइलमधल्या दोन-तीन जीमेलपैकी बरोबर तेच निवडलं ना, ते बघायचं. घाईत मुलाचं खातं निवडलं जातं! सगळं झाल्यावर खोटी ऑर्डर टाकून बघितली. टुंग वाजलं.

त्यानंतरच भाच्याचं कनेक्शन काढलं. आधी काढलं असतं तर काम मध्येच बंद पडलं असतं. साधनातल्या खात्याचा ईमेल बदलून गटाचा घातला, म्हणजे आता बिघाडाची सूचना गटाकडे येईल.

शेवटची पायरी बहुतेकजण विसरतात. साधनातून कनेक्शन काढलं म्हणजे गूगलकडचा परवाना गेलाच असं नाही. तो तिकडेही रद्द करावा लागतो. मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये गूगल खात्यात जायचं, तिथे सुरक्षिततेच्या भागात ‘थर्ड पार्टी’ ॲप्सची यादी असते. आमच्या सचिव ताईंनी तिथेच स्वतःचं खातंही उघडून बघितलं, तर मुलीनं कधी काळी घातलेले खेळ, फोटोला टोपी घालणारं ॲप, एका सेलच्या वेळी वापरलेलं दुकान, सगळी फौज हजर! मोबाइलवरून ॲप काढून टाकलं तरी हा परवाना तसाच राहतो, हे त्यांना नवलच वाटलं. फेसबुकवरही ‘ॲप्स अँड वेबसाइट्स’ असं पान आहे. आणि व्हॉट्सॲपचे ‘लिंक्ड डिव्हायसेस’ही बघून घ्या. क्यूआर कोड स्कॅन करायला लावून ‘आम्ही तुमचे मेसेज आपोआप पाठवतो’ म्हणणारे तिथेच येऊन बसतात, आणि मग आपल्या सगळ्या गप्पा त्यांच्या समोर.

एक मात्र खरं. परवाना रद्द केला की पुढचं जाणं थांबतं. आधी नेलेली माहिती त्यानं परत येत नाही. ती काढून टाका, असं त्या कंपनीला वेगळं सांगावं लागतं.

वहीत लिहून ठेवा

आता गटाच्या हजेरीवहीच्या शेवटी एक पान आहे. त्यावर पाच रकाने: कुठलं साधन, कुठल्या खात्याला जोडलं, काय करण्याची परवानगी, कुणी जोडलं आणि कशासाठी. पासवर्ड त्यात लिहायचा नाही! गटाच्या जीमेलला दोन टप्प्यांची खात्री, म्हणजे ‘टू स्टेप व्हेरिफिकेशन’ लावलं आहे. गूगल त्याबरोबर दहा राखीव कोड देतं. ते छापून बँकेच्या पासबुकाबरोबर कुलपात ठेवले, म्हणजे फोन हरवला तरी गटाला आपल्याच खात्यात जाता येईल. काही सेवा ‘अलाऊ’ न विचारता अक्षर-आकड्यांची लांबलचक ओळ देतात, तिला ‘एपीआय की’ म्हणतात. ती व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. ज्याच्याकडे ती होती तो काम सोडून गेला, तर त्या सेवेत जाऊन जुनी रद्द करायची आणि नवीन घ्यायची.

शिवाय दोघीजणी शिकल्या आहेत. एकच शिकली तर तिचं माहेरपण, आजारपण, बाळंतपण आलं की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आणि यंत्र कितीही चांगलं असलं तरी रोज दिवेलागणीला एकीनं तक्ता उघडून डोळ्यांनी बघायचा, असं ठरलं आहे.

सुरुवातीला काही काकू म्हणाल्या, ‘अगं, हे पोरांचं काम, आपल्याला काय कळतंय?’ मी म्हटलं, काकू, बँकेत सही कुणाची चालते? तुमची ना? मग इथेही तुमचीच चालली पाहिजे. पोरांकडून शिकायचं, पोरांची मदत घ्यायची, पण नाव आपलं हवं. चार तासांत ज्या काकू ‘कनेक्शन’चं पान उघडायला शिकल्या, त्यांच्याकडे बघून मला वाटलं, अवघड असं यात फार नव्हतं. आपल्याला ते कुणी आपलं काम म्हणून दाखवलंच नव्हतं.

कायदाही आता आपल्या बाजूनं आहे. डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेनं केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. त्यात म्हटलं आहे, की संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. आणि गंमत म्हणजे इंग्रजी कायद्यात नेहमी ‘तो’ लिहितात, या कायद्यात मात्र माणसाचा उल्लेख ‘ती’ असा केला आहे. तिची माहिती, तिची संमती, तिचा हक्क.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाची पुढची मासिक बैठक होईल तेव्हा कर्जफेड आणि बचतीचा विषय झाल्यावर दहा मिनिटं काढा. सगळ्यांसमोर गटाचा मोबाइल घ्या, ती यादी उघडा आणि एकेक नाव मोठ्यानं वाचा. हे कुणी जोडलं? कशासाठी? अजून लागतं का? ज्याचं उत्तर कुणालाच देता आलं नाही, ते कुठल्या कामात वापरलंय का तेवढं बघा, आणि नसेल तर तिथल्या तिथे काढा. मग पुढच्या तीन महिन्यांनंतरची तारीख वहीत लिहा आणि सगळ्याजणी खाली सही करा.